दुखऱ्या बोटांचा सुतार

माणसाने आयुष्यभर एकच धंदा केला की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. होडी झाली की ती पाण्यात जाते, पाळणा झाला की तो ज्याच्या त्याच्या घरी जातो. किस्से मात्र कुठेच जात नाहीत. माझ्या पडवीत लाकडाचा भुसा साचायचा तसेच ते साचले. भुसा निदान बायको झाडून काढायची!

मी होड्यांचा सुतार. नाव गोविंद, पण नागावपासून रेवदंड्यापर्यंत सगळे गोंदाच म्हणायचे. मी सांगतो तो काळ चरख्या-तकलीचा. पहिली लढाई संपली होती आणि दुसरी अजून कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकून ठेवल्या की सुताराला काम कमी. त्या रिकामपणात माझ्या पडवीत एक वेगळंच डिपार्टमेंट उघडलं. जाळी विणणारे, काथ्या वळणारे, सूत कातणारे, यांच्यापैकी ज्यांचे ज्यांचे सांधे धरले होते ते आपापली हत्यारं घेऊन माझ्याकडे यायला लागले. हत्यार त्यांच्या दुखऱ्या हाताला जमेल असं करून द्यायचं, एवढंच काम. माझी बायको सरू या मंडळींना ‘दुखऱ्यांची कमिटी’ म्हणायची.

* * *

कमिटी स्थापन केली धाकूबायने.

धाकूबाय म्हणजे आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातली, पांडू कोळ्याची आई. जाळं विणण्यात तिचा हात धरणारं त्या किनाऱ्यावर कोणी नव्हतं. आणि कोळीवाड्यात एक रीत होती. नवं जाळं सुरू केलं की त्याची पहिली ओळ घरातल्या वडीलधाऱ्या बाईने बांधायची. ती ओळ पुरी होईपर्यंत दुसऱ्या कोणी जाळ्याला बोटही लावायचं नाही. बाईला ओळ जमली नाही, की तो मान सुनेकडे जायचा, आणि गेला की गेला. पुन्हा मागे यायचा नाही.

पांडूला त्या वर्षी नवं जाळं हवं होतं. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जायच्या, त्याच्या आधी पहिली ओळ व्हायला हवी होती. आणि धाकूबायची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी गाठाळली होती.

ती पडवीत आली, दुखण्यावर निगडीचा पाला बांधलेले दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, “गोंदा, माझी बोटं बदलून दे. न्हाय जमत, तर सुई बदल.”

जाळं विणायची सुई बांबूची, चपटी, चिमटीत धरायची. चिमटीच मिटत नाही तर बारीक सुई धरणार कशी? मी म्हटलं, सोपं आहे! पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची चांगली जाडजूड सुई केली. कानशीने घासून गुळगुळीत केली. वर तेलाचा हात फिरवला. असं झकास फिनिशिंग मी होडीच्या वल्ह्यालाही कधी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकूबाय परत. सुई माझ्या पुढ्यात ठेवली.

“बोटांत बसते का?” मी विचारलं.

“बोटांत लय झ्याक बसते,” ती म्हणाली. “जाल्याच्या घरातून तेवढी जात न्हाय!”

प्रत्येक गाठीला अख्खी सुई जाळ्याच्या घरातून पलीकडे काढावी लागते, हे मला, किनाऱ्यावर जन्म गेलेल्या माणसाला, सुचलंच नव्हतं. सरू आत स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. ती सुई पुढे आमच्याकडे वरण घोटायला वापरली.

* * *

मग मी एकामागून एक सॅम्पल करत सुटलो. कापूस गुंडाळलेली सुई, चामडं लावलेली सुई, कडं बसवलेली सुई. सगळी फेल.

एके सकाळी सरू जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि बांबूच्या कामट्या घेऊन आली आणि म्हणाली, “हात करा पुढे.” मला वाटलं, माझ्या हाताला काही लागलं-बिगलं दिसलंय हिला. तिने माझा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं कामट्या लावून घट्ट बांधून टाकली. दोन्ही हातांची!

“आता करा कारागिरी.”

पटाशी उचलायला गेलो, ती पायावर पडता पडता वाचली. रंधा उचलता आला, कारण तो मुठीने आणि तळव्याने ढकलायचा असतो. पण खिळा म्हणाल तर उचलता येईना. बंडीची गाठ सुटेना. पान खायची सोय नाही, चुना कोण लावणार? दुपारी तिने मुद्दाम काटेरी मासा वाढला. मी ताटाकडे बघत बसलो.

“अगं, सोड आता. भूक लागली.”

“धाकूबायला कोण सोडतं?” ती म्हणाली.

मला त्या क्षणी तिचा राग आला आणि लगेच भरूनही आलं. मग तिनेच काटे काढून घास भरवला. भरवता भरवता मला विचारलं, “रंधा कसा काय उचललात?” तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. दुखतं ते चिमटीला. मूठ आणि कोपर अजून कामाला येतात. इतके दिवस मी सुईच्या मागे लागलो होतो, आणि खरी कळ यायची ती गाठ आवळताना, दोरा चिमटीत धरून ओढताना.

मी तसाच उठलो.

“बोटं तरी सोडून घ्या!” सरू मागून ओरडली.

* * *

धाकूबायचं सॅम्पल चालू असतानाच कमिटीत रहिमानचाचा आले. चौलकडचे. नारळाच्या काथ्याचा दोर वळण्यात सगळा जन्म गेलेला. दोन तळव्यांत काथ्या घोळून पीळ द्यायचा, त्यात मनगटं पार कामातून गेली होती.

“गोंदा, नमाजाला हात बांधतो तेव्हा बरं वाटतं,” ते म्हणाले. “दोर वळायला सोडले की तकलीफ सुरू. आता अल्लामियाँला सांगू की काय, की नमाज जरा लांबव?”

मी त्यांना पीळ द्यायचं चाक करून दिलं. चाकाला फिरवायचा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला मुठीऐवजी शहाळ्याएवढा लाकडी गोळा. गोळ्यावर नुसता तळवा ठेवायचा आणि खांद्यातून फिरवायचं. चाचांनी एकदा फिरवून पाहिलं, मान डोलावली आणि चाक घरी नेलं.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. बघतो तर चाचा अंगणात लांब बसून आरामात काथ्याचे पुंजके सोडताहेत आणि चाक फिरवतोय पोस्टमन! त्याच्या मागे मासळी विकून परतलेली एक कोळीण नंबर लावून उभी. गरगर फिरणारं नवं चाक दिसल्यावर हात शिवशिवतो हो माणसाचा. अंगणातून जाणारा प्रत्येक जण, “बघू चाचा, जरा मला,” म्हणून दोन फेरे देऊन जायचा. चाचांच्या घरचा चहा मात्र वाढला होता.

मी म्हटलं, “चाचा, चाक तुमच्यासाठी केलं होतं.”

“माझंच आहे,” चाचा म्हणाले. “सांधे तेवढे गावाने वाटून घेतलेत!”

* * *

तिसरे मेंबर आमचे पेन्शनर मास्तर. शाळा सुटली आणि मास्तरांना तकली लागली. खादीचं व्रत कडक. परदेशी वस्तू घरात तर नाहीच, पण शेजाऱ्याच्या घरात दिसली तरी ते त्या बाजूची खिडकी लावून घ्यायचे. आणि नेमका त्यांच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा धरला. तकलीची पितळी काडी अंगठा आणि बोटात धरून भिंगरीसारखी सोडायची असते. प्रत्येक गिरकीला मास्तर “हाय” म्हणायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, “यांचं सूत मोजायला नको, ओरडणं मोजलं तरी कळतं!”

मी तकलीच्या काडीवर लाकडाचं एक छोटं जाड रीळ घट्ट बसवून दिलं. धरायला जाड, त्यामुळे बोटं फार आवळावी लागत नव्हती. खाली टोक टेकायला करवंटी दिली, म्हणजे वजन हातावर नको. गिरकी जरा मंद झाली, सूत हळू यायला लागलं. मी म्हटलं, “मास्तर, चालेल ना? जरा सावकाश होतंय.”

“चालेल की,” मास्तर म्हणाले. “स्वराज्य तरी कुठे घाईत आहे?”

पावसाळाभर मास्तर खूश. पुढे एक दिवस चष्मा पुसून तकली न्याहाळत असताना रिळाच्या खालच्या बाजूला चिकटलेली कागदाची गोल टिकली त्यांच्या नजरेला पडली. त्यावर इंग्रजीत विलायतेतल्या गिरणीचं नाव! सरूच्या शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ होतं ते. मला इंग्रजी कुठे वाचता येतंय?

मास्तर तरातरा पडवीत आले. तकली माझ्यासमोर धरली. बोलायला तोंड उघडलं त्यांनी, मग थांबले. अंगठा चोळला. पुन्हा तकलीकडे बघितलं.

“गोंदा,” ते म्हणाले, “विलायतेचं रीळ रिकामं होऊन खादीच्या कामाला लागलं, याचा अर्थ काय?”

“काय मास्तर?”

“ते शरण आलं!” आणि तकली घेऊन घरी गेले.

* * *

हत्यार करायचं तर हाताचं माप पाहिजे. मी काय करायचो, येईल त्याचा पंजा पडवीच्या दारावर टेकवायचा आणि कोळशाने भोवती रेघ मारायची. वाकड्या बोटांचे, सुजलेल्या सांध्यांचे पंजे दारभर झाले.

ते दिवस मिठाच्या सत्याग्रहाचे. चौकीवरचा शिपाई रस्त्याने जाता जाता थबकला. दाराकडे बघून त्याच्या भुवया टोपीत गेल्या.

“हे पंजे कसले? कुठल्या गुप्त मंडळाची खूण ही?”

सरू धान्य पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, “दुखऱ्यांच्या कमिटीची. तुमचाही काढू का?”

शिपाई आत आला. पडवीत रहिमानचाचा, मास्तर आणि धाकूबाय बसलेले. तिघांनी मुकाट्याने आपापले हात वर केले आणि दाखवले. शिपायाने ते हात बराच वेळ पाहिले. मग टोपी काढून माझ्या शेजारी बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “माझी आई नारळीची पाती चिरून छपरासाठी झापं विणते हो. सुरी धरवत नाही तिला आता.”

मी म्हटलं, आईच्या पंज्याचं माप आणा. तो रजेवर गावी जाऊन आला. येताना माप आणलं केळीच्या पानावर, काजळाने काढून! नदी ओलांडून, बैलगाडीतून, छातीशी धरून आणलेलं. मीही मापाबरहुकूम सुरीला मूठ करून दिली. करताना मनात म्हटलं, म्हातारी अगदीच चणीने लहान दिसते.

पुढच्या खेपेला शिपाई मूठ घेऊन हजर. तिच्यावर त्याच्या आईची दोन बोटंही मावली नव्हती.

“गोंदा, आई आहे माझी, भातुकलीतली बाहुली नव्हे!”

वाटेत पान सुकून आक्रसलं होतं. मी पानाचं माप घेतलं होतं, म्हातारीचं नाही.

“आता आईलाच घेऊन या,” सरूने त्याला सांगितलं. “ती वाटेत सुकायची नाही.”

आणि आली की हो म्हातारी! धाकूबायच्या शेजारी बसून दिवसभर सुनांबद्दल बोलली आणि नवी मूठ घेऊन गेली. दारावर तिचा पंजा शिपायाने स्वतः कोळशाने काढला.

* * *

या सगळ्यात धाकूबायचं हत्यार तयार झालं. चिंचेच्या लाकडाचा, मुठीत भरून राहील असा आकडा. गाठ मारली की दोऱ्याचा एक वेढा आकड्याच्या खुंटावर घ्यायचा, मूठ मिटायची आणि कोपरातून ओढायचं. सुई मी पुन्हा बारीकच केली, पण लांब, म्हणजे ती तळहातावर आडवी टेकवून पुढे सारता यायची. जाळ्याचं घर सारखं यावं म्हणून डाव्या हातात पट्टी धरावी लागते, ती पट्टी खांबाला खुंटीवर बसवून टाकली.

धाकूबाय सरावाला बसली. पहिल्या दिवशी चार गाठी आणि शंभर शिव्या. शिव्या मला. हळूहळू शिव्या कमी होत गेल्या.

मग पांडू आला. चेहरा उतरलेला. “गोंदाकाका, तिला आशा नको लावू. पाड्यासमोर बसली आनि अर्ध्यात हात थांबला, तर तिला ते सोसायचं न्हाय. मान सुगंधाकडं जाऊ दे. घरातच ऱ्हाईल ना?”

पोराला आईची लाज वाटत नव्हती, तिची काळजी वाटत होती. तो गेला.

संध्याकाळच्या आत त्याची बायको सुगंधा आली. तरणीताठी पोर, बोटं बघावी तर सुईसारखी चपळ. मला वाटलं, मान लवकर मिळावा म्हणून आली असेल. इकडेतिकडे बघून म्हणाली, “काका, तो आकडा चांगला मजबूत करा. ऐन टायमाला मोडायला नको.”

“तुला नको का मान?”

“नको बाबा! आये रिकामी झाली, की दिवसभर माझ्या कालवनात मीठ बघत बसल!”

* * *

पहिल्या ओळीच्या दिवशी सगळा कोळीवाडा पांडूच्या अंगणात. सुईला हळदकुंकू लावलं. मी, सरू, चाचा, मास्तर, सगळी कमिटी कडेला दाटीवाटीने बसलेली. धाकूबाय हिरवं लुगडं नेसून खांबापाशी बसली आणि तिने आकडा मुठीत घेतला.

“ह्ये काय हाय?”

हा आवाज हिरू नाखवाचा. कोळीवाड्यातला सगळ्यात म्हातारा. त्याचा शब्द मोडायची टाप नव्हती कुणाची. काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, “पयली ओल हातानी बांधायची. आपल्या आज्या-पणज्यांनी हातानी बांधली. लाकडानी न्हाय. रीत ती रीत.”

पांडूने मान खाली घातली. आता ही उठणार, सुई सुनेच्या हातात देणार आणि घरात जाणार, असंच वाटलं मला.

धाकूबाय उठली नाही. तिने नाखवाकडे खालून वर बघितलं.

“नाखवा, तू घरून हितवर कसा आयलास?”

“चालत आयलो. आनि कसा?”

“कशानी?”

“पायांनी!”

“मंग ती काठी दे फेकून आनि जा चालत घरी. तू पोचलास की मी आकडा टाकते.”

कुणीतरी मागे फसकन हसलं. नाखवाने काठीकडे बघितलं. आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग तो तिथेच, अगदी पुढे, सावकाश खाली बसला.

धाकूबायने पहिली गाठ घेतली. दोरा खुंटावर, मूठ बंद, कोपर मागे. गाठ आवळल्याचा बारीक आवाज आला. मग दुसरी. मध्ये एकदा तिचा हात थांबला, ओठ दाताखाली गेला, पण सुई घ्यायला सुगंधा जागची हललीसुद्धा नाही. शेवटची गाठ बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. पांडू लहान पोरासारखा रडत होता. मीसुद्धा. मास्तरांनी आपला खादीचा पंचा मला दिला, मी त्यात नाक शिंकरलं, तरी ते काही बोलले नाहीत.

* * *

आता शेवटचा किस्सा.

पुढच्या वर्षी पांडूने आणखी एक जाळं विणायला काढलं. पुन्हा अंगण भरलं, पुन्हा सुईला हळदकुंकू. त्या वर्षी काय झालं होतं कोण जाणे, निगडीचा गुण म्हणा, शेकाचा म्हणा, धाकूबायच्या बोटांची सूज पुष्कळ उतरली होती. ती खांबापाशी बसली, बोटं उघडमीट करून बघितली आणि तिचा चेहरा खुलला. आकडा तिने बाजूला ठेवून दिला.

“आज बोटं बरी हायेत,” ती सुनेला म्हणाली. “आज नुसत्या हातानी बांधते.”

तिने सुई उचलली मात्र, पुढच्या रांगेतून काठी जमिनीवर जोरात आपटली.

“ए धाकू!” हिरू नाखवा गरजला. “आकडा कुठाय? आकड्याबिगर पयली ओल? या पाड्याला काय रीत हाय का न्हाय?”